आई ‘शांत’ झाली म्हणतात, पण ती जागीच कुठे असते?

प्रश्न: डॉक्टर, माझी आई ८१ वर्षांची आहे, डिमेन्शिया आहे, दोन वर्षं झाली केअर सेंटरमध्ये ठेवलंय. आधी खूप आरडाओरडा करायची, आता शांत झाली असं तिथले लोक म्हणतात. पण मी जाते तेव्हा ती खुर्चीत मान टाकून बसलेली असते, घास भरवला तर गालात तसाच राहतो, आणि गेल्या महिन्यात दोनदा पडली. फाइल बघितली तर रिस्पेरिडोन, ट्रायहेक्सिफेनिडिल, क्लोनाझेपाम, अमिट्रिप्टिलिन आणि प्रीगॅबॅलिन एवढं सगळं चालू आहे. हे वयामुळे होतंय की गोळ्यांमुळे? आणि कमी करता येतील का?

उत्तर: ताई, आधी एक सांगते मग बाकीचं, हे वाचून आज कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. पण तुमची शंका अगदी रास्त आहे आणि ती डॉक्टरांसमोर मांडायला अजिबात संकोच करू नका.

तुम्ही लिहिलेल्या पाचपैकी चार गोळ्या मेंदूवर थेट काम करणाऱ्या चार वेगवेगळ्या गटांतल्या आहेत. अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची ‘बीअर्स क्रायटेरिया’ नावाची यादी आहे, १९९१ साली ती पहिल्यांदा केली तीच मुळी अशा केंद्रांमध्ये राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. आताच्या यादीत स्पष्ट म्हटलंय की डिप्रेशनची, झोपेची, मानसिक आजाराची, फिटची, अफूवर्गातली वेदनाशामकं, स्नायू सैल करणारी, अशा औषधांपैकी तीन किंवा जास्त एकत्र देणं टाळा, कारण पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका वाढतो. तुमच्या फाइलमधलं रिस्पेरिडोन मानसिक आजाराच्या, क्लोनाझेपाम झोपेच्या आणि अमिट्रिप्टिलिन डिप्रेशनच्या गटात येतं. प्रीगॅबॅलिन फिटच्या गटात धरतात, जरी ते पायांच्या आगीसाठी दिलं असलं तरी. ट्रायहेक्सिफेनिडिल या मोजणीत येत नाही पण ते आणि अमिट्रिप्टिलिन मिळून स्मरणशक्तीला लागणाऱ्या ॲसिटिलकोलीन या रसायनाचं काम अडवतात, आणि डिमेन्शियात तेच आधी कमी झालेलं असतं.

आता तुमच्या फाइलमधली एक जोडी नीट बघा. रिस्पेरिडोन आरडाओरड्यासाठी सुरू झालं असणार, त्याने हात थरथरायला लागले असतील, अंग ताठ झालं असेल, म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल आलं. त्याने बद्धकोष्ठता होते, लघवी अडते, गोंधळ वाढतो, मग माणूस आणखी चिडतो, आणि कुणीतरी म्हणतं रिस्पेरिडोन वाढवा. म्हणजे एका गोळीचा साइड इफेक्ट नवीन आजार समजून दुसरी गोळी, तिच्यासाठी तिसरी. मी असे कागद खूप बघितलेत आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण यात कुणी मुद्दाम वाईट केलेलं नसतं, प्रत्येकाने समोर दिसलं तेवढं बघितलेलं असतं.

म्हणून डॉक्टरांकडे जाताना ‘गोळ्या कमी करा’ एवढंच म्हणू नका, प्रत्येक गोळीपुढे लिहून न्या की ही कुणी, कधी, कशासाठी सुरू केली आणि ते कारण आज आहे का. किडनीचा रिपोर्टही न्या, प्रीगॅबॅलिन किडनीवाटे बाहेर पडतं आणि या वयात किडनी मंदावली असेल तर तोच डोस अंगात जास्त साठतो.

मग एकावेळी एकच गोळी. दोन सोबत कमी केल्या आणि काही बिघडलं तर कशामुळे ते कळतच नाही. कुठली आधी हे डॉक्टर ठरवतील, साधारणपणे जिचा त्रास जास्त आणि उपयोग कमी ती. रिस्पेरिडोनचं म्हणाल तर २००५ मध्येच अमेरिकेच्या औषध नियामकाने या गटावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, डिमेन्शियाच्या रुग्णांमध्ये दहा आठवड्यांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी साधारण ४.५ टक्के दगावले आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के. त्यामुळे वागणं तीन महिने आटोक्यात असेल तर ते हळूहळू उतरवून बघतातच, दर एक-दोन आठवड्यांनी पाव ते निम्मा डोस कमी करत. ते सुटलं की ट्रायहेक्सिफेनिडिलची गरजही बहुधा संपते, पण तेही एकदम नाही. मात्र आईला आधीपासून स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर हा हिशोब वेगळा, तिथे मनोविकारतज्ज्ञच हवेत.

क्लोनाझेपामला सगळ्यात जास्त धीर लागतो. वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी झटक्यात थांबवली तर झोप उडते, घाम सुटतो, थरकाप होतो, भास होतात, फिटसुद्धा येऊ शकते. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी फक्त ५ ते १० टक्के कपात धरायला सांगितलंय, आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांच्या वर सहसा जायचं नाही. म्हणजे काही महिने, कधी वर्ष लागतं. शेवटचा छोटा तुकडा बहुतेकांना सगळ्यात अवघड जातो, तिथे घाई करू नका. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर तिथेच थांबायचं, हे हरणं नाही.

त्रास गोळी सोडल्याचा की जुना आजार परत आल्याचा हे ओळखायला एक वही ठेवा. डोस कमी केल्यावर काही दिवसांतच सुरू होऊन हळूहळू ओसरला तर सोडल्याचा असण्याची शक्यता जास्त, आठवड्यांनी सावकाश चढत गेला तर जुनं परत आलं असावं. झोप, चालणं, घास गिळणं, ओळखते का, रोज दोन ओळी पुरे. माझ्या एका पेशंट आजींची मान अशीच छातीवर असायची, ब्लाउजचा गळा लाळेने कायम ओला. चार महिने सावकाश गोळ्या उतरवल्या आणि एके दिवशी मी आत शिरले तर त्यांनी विचारलं, माझा चष्मा कुठंय? डिमेन्शिया गेला नव्हता, तो जातही नाही, पण चष्मा हवा होता म्हणजे काहीतरी बघायचं होतं.

प्रश्न: मी केअर सेंटरमध्ये रात्रपाळी करते. गोळी कमी केली की पेशंट ओरडतात आणि आम्ही दोघीच असतो, तेव्हा नातेवाईकांना कसं समजावू?

उत्तर: तुमची अडचण खरी आहे, आणि हात वाढवल्याशिवाय गोळ्या कमी करा असं म्हणणाऱ्यांनी एक रात्र तुमच्यासोबत काढावी असं मला मनापासून वाटतं. डोस कमी करायची तारीख तुम्हाला आधी कळली पाहिजे, आणि ज्या आठवड्यात माणसं कमी आहेत तो आठवडा सोडा, हे स्पष्ट सांगा. ओरडणाऱ्या पेशंटचं आधी बघायचं ते दुखतंय का, शी झाली का, लघवी अडलीय का, कानातलं यंत्र काढून ठेवलंय का. दिवसा तीन तास झोपू दिलं तर रात्री जागणारच. आणि नातेवाईकांना घाबरवू नका, माहिती दिली की लोक साथ देतात. कॅनडात २०१४ च्या एका अभ्यासात झोपेच्या गोळ्या घेणाऱ्या वयस्कर लोकांना फक्त एक माहितीपुस्तिका दिली, सहा महिन्यांत २७ टक्के लोकांनी गोळी पूर्ण सोडली, न दिलेल्यांमध्ये ५ टक्के.

प्रश्न: बाबांना पार्किन्सन्स आहे, पूर्वी फिटही यायच्या. त्यांच्याही मेंदूच्या गोळ्या कमी कराव्यात का?

उत्तर: दादा, हे सगळं वाचून लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची गोळी, किंवा फिटच्या गोळीला हात लावू नका. ती आजारासाठीच आहेत, अचानक थांबली तर जिवावर बेतू शकतं. स्नायूंसाठी बॅक्लोफेन चालू असेल तर तेही एकदम तोडायचं नाही. आणि उलट्या होतायत किंवा गिळताच येत नाही म्हणून यातली गोळी चुकली, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.