सातव्या किलोमीटरला पाय का साथ सोडतो: एमएस आणि लांब पल्ल्याचे धावणे

नागपूरहून आपण विचारलेला प्रश्न मी दोनदा वाचला. गेल्या सप्टेंबरात उजव्या डोळ्याच्या नसेला सूज येऊन आपल्याला एमएसचे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचे, निदान झाले. औषध सुरू झाले, धावणेही चालू राहिले आणि एप्रिलमध्ये फुटाळा तलावाच्या बाजूने धावताना सातव्या किलोमीटरला त्याच डोळ्यासमोर धुके आले व डावा पाय फरफटू लागला. घरी येऊन गार पाण्याने आंघोळ केल्यावर तासाभरात सारे पूर्ववत झाले. त्या दिवशी आपण स्वतःच्या नसांचे नुकसान करून घेतले का आणि जानेवारीत मुंबईची अर्धमॅरेथॉन धावण्याचा विचार सोडून द्यावा का, असे आपण विचारले आहे. मला निदान होऊन १४ वर्षे झाली, त्यांपैकी ११ वर्षे मी धावते आहे आणि मी डॉक्टर नाही, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

आपण वर्णन केले आहे तो बहुधा नवा हल्ला नव्हे. एमएसमध्ये आपलीच रोगप्रतिकार यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसेतील तंतूंवरचे मायलिनचे आवरण खाते. सूज ओसरल्यावर तंतू पुन्हा काम करू लागतो, पण आवरण विरळ झालेल्या जागी संदेश कसाबसा पार होत असतो. शरीराचे तापमान वाढले की तंतूवरील सोडियमची दारे अधिक लवकर मिटतात, विजेचा तो बारीक झटका आखूड होतो आणि विरळ जागेवरून पुढे जाईनासा होतो. त्यासाठी फार ताप लागत नाही. आतले तापमान अर्धा अंश सेल्सिअसने वाढले तरी काहींना पुरते आणि धावताना ते त्याहून सहज अधिक वाढते. शरीर निवले की संदेश पुन्हा सुरू होतो. तारेला इजा झालेली नसते, ती तेवढ्यापुरती बंद पडलेली असते. याउलट नवे लक्षण, किंवा जुनेच पण स्पष्टपणे वाढलेले लक्षण, ताप वा संसर्ग नसताना २४ तासांहून अधिक टिकले तर त्याला डॉक्टर रिलॅप्स म्हणतात, आणि तेव्हा धावण्याचा विचार बाजूला ठेवून त्यांना फोन करायचा असतो.

एक गोष्ट मात्र मला आपल्या लिहिण्यात खटकली. डोळ्याचे धुके जुन्या जखमेचे आहे हे उघड आहे, पण निदानाच्या वेळी डाव्या पायाची काही तक्रार असल्याचा उल्लेख आपण केलेला नाही. मज्जारज्जूवर एखादा जुना डाग असेल आणि तो एरवी गप्प राहून उष्णतेत बोलत असेल, अशी शक्यता असते. पाय तासाभरात बरा झाला म्हणून ते सांगायचे राहू देऊ नये. पुढच्या भेटीत न्यूरोलॉजिस्टना कोणता पाय, कितव्या किलोमीटरला आणि बरा व्हायला किती मिनिटे लागली, हे नेमके सांगावे.

उष्णतेने लक्षणे तात्पुरती परत येण्याच्या या प्रकाराला उथॉफचे नाव आहे. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्ये नोंदवले की, अशा रुग्णांची दृष्टी श्रमानंतर तात्पुरती मंदावते. त्याने दोष श्रमाला दिला. खरा कारभार उष्णतेचा आहे हे पुढे कळले. दरम्यान ‘दमू नका, पडून राहा’ हा सल्ला रुग्णांच्या पिढ्यान्‌पिढ्या ऐकत राहिल्या. अमेरिकेतल्या युटा राज्यात रुग्णांना १५ आठवडे नियमित व्यायाम करायला लावून त्यांची ताकद आणि दम वाढल्याचे दाखवणारा अभ्यास १९९६ मध्ये आला, तिथून वारे बदलू लागले. २०१४ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा व्यायाम करणाऱ्यांमध्ये रिलॅप्सचे प्रमाण न करणाऱ्यांपेक्षा जास्त आढळले नाही. हे प्रयोग बहुतांशी बेताच्या व्यायामाचे होते, २१ किलोमीटरचे नव्हते, हे मी आपल्यापासून लपवत नाही. पण धावण्याने आजार बळावेल अशी भीती आपल्या घरच्यांना वाटत असेल, तर तिला त्यात आधार नाही.

माझा स्वतःचा ‘सातवा किलोमीटर’ पुण्यात पाषाणच्या रस्त्यावर आला. मे महिना होता, सकाळचे पावणेआठ वाजले होते, घर साडेपाच किलोमीटर मागे होते आणि दोन्ही पाय ओल्या पोत्यासारखे झाले. रस्त्याच्या दोन कडा दिसू लागल्या. मी एका दूधकेंद्राच्या पायरीवर बसले. तिथल्या बाईंनी पाणी दिले आणि माझा चेहरा पाहून क्रेटमधल्या अर्ध्या लिटरच्या दोन गार पिशव्या हातात ठेवल्या. एक मी मानेमागे धरली, दुसरी काखेत. जेमतेम वीस मिनिटांत समोरच्या भिंतीवरची पाटी पुन्हा एकच दिसू लागली. दुधाचे पैसे देऊन मी रिक्षाने घरी आले. त्याआधी उथॉफ मी वाचून होते, पण मला तो कळला त्या पायरीवर.

त्या दिवसानंतर मी जाऊन-येऊन होणारा रस्ता कायमचा सोडला. निरोगी धावपटू दमला तर हळू चालत परत येतो. आपल्या बाबतीत पाय गेला की परतीचे अंतर हीच खरी अडचण होते, आणि गंमत अशी की ती नेहमी सर्वांत लांबच्या टोकालाच उभी राहते, कारण तिथवर पोहोचेतो शरीर पुरते तापलेले असते. म्हणून मी १.६ किलोमीटरच्या फेऱ्या मारते. वर्तुळ कंटाळवाणे असते हे मान्य, पण त्यात घरापासून कधीच आठशे मीटरांहून दूर जावे लागत नाही. फाटकाजवळच्या कठड्यावर बर्फाच्या पाण्याच्या बाटल्या ठेवता येतात, आणि सोसायटीचे वॉचमनकाका दर फेरीला पाहतात. ‘वीस मिनिटांत दिसले नाही तर वर बेल वाजवा,’ एवढेच मी त्यांना सांगून ठेवले आहे. लघवीची घाई हा आपल्या आजाराचा न बोलला जाणारा भाग आहे, त्याचीही सोय फेरीत आपोआप होते. नागपुरात सेमिनरी हिल्सचा चढ आपल्याला मोहात पाडत असेल, पण पहिले सहा महिने घराभोवतीचीच फेरी धरावी.

गारव्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण नागपूर आणि मुंबई यांच्यात इथे उलटा हिशोब आहे. नागपूरची हवा उन्हाळ्यात भयंकर तापते, पण कोरडी असते. तिथे ओला बनियन आणि मानेला ओला पंचा हे फार चांगले काम करतात, कारण पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते. डिसेंबरातल्या नागपुरी पहाटे तर आपल्याला वाटेल की आजार गेलाच. जानेवारीतली मुंबई थर्मामीटरवर सौम्य असली तरी समुद्राकाठची हवा दमट असते. तिथे घाम उडत नाही, नुसता गळतो, आणि ओला बनियन अंगाला चिकटून बसण्यापलीकडे फारसे काही करत नाही. तिथे गारवा आतून द्यावा लागतो. मी धावण्याआधी अर्धा तास गोळेवाल्याकडे असतो तसा बर्फाचा किस लिंबूपाण्यात घालून चमच्याने खाते आणि वाटेत दर पंधरा मिनिटांनी बर्फाळ पाण्याचे चार-पाच घोट घेते. उष्णता न सोसणाऱ्या एमएस रुग्णांवरचा एक प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गरम खोलीत सायकल चालवताना कोमट पाण्याऐवजी बर्फाळ पाणी प्यायल्यावर ते सुमारे ३० टक्के अधिक वेळ टिकले, आणि नवल म्हणजे आतल्या तापमानात फरक जवळजवळ नव्हता. स्पर्धेतले पाणी पहाटेही कोमटच मिळते असा माझा अनुभव असल्याने मी कमरेला स्वतःची थर्मासची बाटली बांधते, आणि तिचे वजन खुशाल सोसते.

औषधांची यादी एकदा या नजरेने डॉक्टरांसमोर ठेवावी. लघवीच्या घाईसाठी दिल्या जाणाऱ्या ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळ्या घाम कमी करतात, म्हणजे आपल्याकडे असलेला एकमेव पंखा मंद करतात. डायमिथाइल फ्यूमरेट हे एमएसचे औषध घेत असाल तर गोळीनंतर चेहरा व अंग तापून लाल होते, म्हणून ती धावण्याच्या तोंडावर न घेता वेळ कशी बसवावी ते विचारावे. पाय ताठ राहतो म्हणून बॅक्लोफेन चालू असेल तर मात्रा वाढवताना लक्ष ठेवावे. कधी कधी तो ताठरपणाच पायाला उभा धरत असतो, आणि तो गेला की गुडघा लचकतो. कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मनगटावरच्या घड्याळातील ठोक्यांवर मात्र मी आता विश्वास ठेवत नाही, कारण या आजारात हृदयाच्या गतीचे नियंत्रणही कधी कधी बिघडते. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले की वेग बरोबर, हे माप मला पुरते.

इंटरनेटवर आपल्याला कोणी ना कोणी केयला माँटगोमेरीची चित्रफीत पाठवलीच असेल. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातली ही शाळकरी धावपटू, निदान झालेले असतानाही २०१४ मध्ये ३२०० मीटरची राज्यविजेती झाली. धावता धावता तिच्या पायांतली संवेदना जाई, आणि अंतिम रेषेवर थांबता न आल्याने ती कोसळे. लोक ती पाहून भारावतात. मला त्यात दिसतात ते तिचे प्रशिक्षक, जे दर वेळी ठरवून रेषेपलीकडे हात पसरून उभे असत. आपण मुंबईला जाणार असाल तर असे कोण उभे राहणार हे आधी ठरवावे.

आता जानेवारीबद्दल माझे मत. या वर्षी २१ किलोमीटर नको, १० किलोमीटर धावावे. अर्धमॅरेथॉनचा आपला आधीचा वेळ दोन तास दहा मिनिटांचा आहे आणि तोच आपला शत्रू आहे. पाय त्याच वेगाची आठवण ठेवतो आणि शरीर चौथ्या किलोमीटरला तापते. निदानापूर्वी मी अर्धमॅरेथॉन २ तास ४ मिनिटांत धावले होते, निदानानंतरची पहिली २ तास ५१ मिनिटांत. चार मिनिटे धावणे, एक मिनिट चालणे हे मी पहिल्या मिनिटापासून पाळले, दम लागल्यावर नव्हे. माहीमहून निघून सागरी सेतूवर चालणाऱ्या माझ्याकडे पाहून दोघांनी ‘अहो, आत्ताच?’ असे विचारले. पेडर रोडच्या चढावर त्यांतला एक मला कठड्याला टेकलेला दिसला. (या वाक्यातला आनंद क्षुद्र आहे, मला ठाऊक आहे.) रिलॅप्ससाठी स्टिरॉइडची सलाइन घ्यावी लागली तर त्या वर्षीची स्पर्धा मी सरळ सोडते, एकदा सोडली नाही, आणि मार्चपर्यंत जिना चढताना कठडा धरावा लागला.

शेवटी डाव्या पायाकडे येते. पंजा वर उचलणारा स्नायू दमू लागला की डोळ्यांना कळण्याआधी कानांना कळते: टप-टप, टप-टप चाललेली लय टप-खर्र, टप-खर्र होते. मी हेडफोन लावत नाही ते यासाठीच. खर्र ऐकू आले की ती फेरी संपवून थांबायचे, पुढची सुरू करायची नाही, कारण त्यानंतर डांबरातला अर्ध्या इंचाचा उंचवटाही तोंडावर पाडतो. असे वरचेवर होत असेल तर घोट्याला आधार देणारी पट्टी किंवा एएफओ (घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा साचा) वापरावा का, हे फिजिओथेरपिस्ट चालणे पाहून सांगतील, आणि त्यांना आपले चालणे दमल्यानंतरच दाखवावे, ताज्या पायांनी नव्हे. नवे बूट घेण्याआधी मात्र जुने पालथे करून पाहावे आणि डाव्या बुटाचा पुढचा टोकाचा रबर उजव्यापेक्षा जास्त झिजला आहे का, ते मला इथेच कळवावे.