वाचकांचे प्रश्न : गच्चीवरचा अँटेना टिकावा म्हणून

प्रश्न : आमचे घर सोलापुरात होटगी रस्त्यालगत आहे. माझ्याकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. सिटिझन बँडसाठी (सर्वसामान्यांच्या रेडिओ-संभाषणासाठीच्या पट्ट्यासाठी) विकला जाणारा पावणेसात मीटर लांबीचा ॲल्युमिनियमचा उभा अँटेना मी थोडा आखूड करून २८ मेगाहर्ट्‌झला, म्हणजे दहा मीटरच्या पट्ट्याला, जुळवून घेतला होता. मे महिन्यात वळवाच्या वादळात तो दुसऱ्या सांध्यापाशी वाकला. आता ॲल्युमिनियमचा घ्यावा की फायबरग्लासचा? आणि तेवढाच लांब घ्यावा का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण माझ्या मते अँटेनाचे आयुष्य धातूपेक्षाही लांबीवर अधिक अवलंबून असते. आपला अँटेना पाच-अष्टमांश तरंगलांबीचा, म्हणजे एका पूर्ण रेडिओ-लहरीच्या लांबीच्या पाच-अष्टमांश एवढा, होता. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. आणि नळीची जाडी तीच धरली तर बुडाशी येणारा वाकवणारा जोर लांबीच्याही वर्गाच्या प्रमाणात वाढतो. २८ मेगाहर्ट्‌झला पाव तरंगलांबीचा अँटेना जेमतेम अडीच मीटरचा होतो. साडेसहा मीटरच्या अँटेनाच्या बुडाशी त्याच्या सहापटीहून अधिक जोर येतो. हे ओझे सोसून पदरात काय पडते, तर सिग्नलच्या जोरात साधारण एक-दीड डेसिबलची वाढ. रेडिओवरील सिग्नलच्या मापात एक ‘एस’ म्हणजे सहा डेसिबल धरतात, तेव्हा हा लाभ समोरच्या माणसाच्या कानाला क्वचितच जाणवतो.

म्हणून आपल्यासारख्या उघड्या माळरानावरच्या शहरात, जिथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारपर्यंत रणरणते ऊन आणि संध्याकाळी एकाएकी धूळ उडवणारा वळीव अशी गाठ असते, तिथे मी पाव तरंगलांबीचा ग्राउंड प्लेन अँटेना निवडीन : मधोमध एक उभी नळी आणि तिच्या बुडाशी सुमारे ४५ अंशांत खाली उतरणाऱ्या तितक्याच लांबीच्या चार काड्या. काड्या अशा उतरत्या ठेवल्या की अँटेनाचा रोध केबल आणि रेडिओला हव्या असलेल्या ५० ओमच्या जवळ येतो, त्यामुळे बुडाशी जुळवणीची कॉइल लागत नाही आणि पाणी शिरून गंजणारी डबीही उरत नाही. वाचलेल्या लांबीच्या बदल्यात खालचा खांब मीटर-दोन मीटर उंच करता येतो. मात्र खांबाला जोर सोसायचा असतो, म्हणून तो जाड जी.आय. पाइपाचा असावा आणि त्याला तीन बाजूंनी तारांचे ताण द्यावेत. ताणासाठी नायलॉनची दोरी वापरू नये. ती ताणली जाते आणि उन्हाने कुजते.

आता धातूविषयी. फायबरग्लासच्या नळीच्या आत तांब्याची तार असते आणि भार त्या नळीवर असतो. काच टिकते, पण तिला धरून ठेवणारी राळ उन्हातील अतिनील किरणांनी झिजते. मग पृष्ठभागावर काचेचे तंतू उघडे पडतात, हाताला टोचतात आणि भेगांतून ओल आत जाते. सोलापूरच्या उन्हात हे लवकर घडते. फायबरग्लास घ्यायचाच असेल, तर त्याला दर दोन वर्षांनी अतिनील-रोधक लेप द्यावा. माझी पसंती ॲल्युमिनियमला आहे, आणि त्यातही ६०६१-टी६ मिश्रधातूच्या नळ्यांना, कारण बाजारात सहज मिळणाऱ्या ६०६३ पेक्षा त्या अधिक मजबूत असतात. आपला अँटेना सांध्यापाशी वाकला, हे नवल नाही. एक नळी दुसरीत पुरेशी खोल गेलेली नसली किंवा क्लँपसाठी टोकाशी लांब चीर पाडलेली असली, की सगळा जोर त्याच जागी एकवटतो. नळी नळीत किमान १५ सेंटिमीटर जावी, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत, आणि सांधा बसवण्यापूर्वी आत ऑक्सिडेशन-रोधक पेस्ट लावावी. तांब्याची तार ॲल्युमिनियमला थेट जोडू नये. दोन धातूंमध्ये ओल आली की ॲल्युमिनियम खाल्ले जाते.

ग्राउंड प्लेनची एक उणीव सांगायलाच हवी. कॉइल असलेले बरेच अँटेना बुडाशी जमिनीला जोडलेले असतात. या अँटेनाची उभी नळी तशी जोडलेली नसते, म्हणून केबल घरात शिरते तिथे सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारे उपकरण) बसवून तो अर्थिंगला जोडणे आवश्यक आहे. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळून अर्थिंगच्या सळईपासून सुटते आणि नेमके पहिल्या वळवाच्या वेळी अर्थिंग निकामी असते, त्यामुळे उन्हाळाभर खड्ड्यात पाणी घालत राहावे आणि ही सळई घराच्या अर्थिंगलाही जोडावी. आभाळ भरून येऊ लागले की केबल रेडिओपासून काढून ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तिला हात लावू नये.

खांब कोसळलाच तरी विजेच्या तारांपर्यंत पोहोचणार नाही एवढे अंतर सोडावे. शिवाय आपण विमानतळाजवळ राहता. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेला अडथळा ठरते म्हणून २०२३ साली पाडली गेली, हे आपल्याला आठवत असेलच. आपला खांब त्या मानाने फार ठेंगणा आहे, तरीही उंची ठरवण्यापूर्वी विमानतळ प्राधिकरणाकडे विचारणा करावी.

प्रश्न : गच्चीवरील अँटेनाचा एस.डब्ल्यू.आर. (अँटेनाकडून किती शक्ती परत येते हे दाखवणारा आकडा; १ च्या जितका जवळ तितकी जुळणी चांगली) पूर्वी १.८ होता. यंदाच्या पावसाळ्यानंतर तो आपोआप १.२ झाला, पण स्टेशने मात्र क्षीण ऐकू येतात. रेडिओ बिघडला असावा का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : रेडिओ उघडण्यापूर्वी केबल तपासावी. कोॲक्सियल केबलमध्ये (मध्ये तार आणि तिच्याभोवती धातूची जाळी असलेल्या केबलमध्ये) पाणी शिरले की ती सिग्नल वाटेतच जिरवते. अँटेनाकडून परत येणारी शक्तीही तशीच जिरते आणि मीटरला वाटते की सारे उत्तम जुळले आहे. हात न लावता सुधारलेल्या एस.डब्ल्यू.आर.वर कधीही विश्वास ठेवू नये. वरच्या टोकाचे पी.एल. २५९ कनेक्टर सोडवून आतली जाळी पाहावी. ती काळी किंवा हिरवट दिसली, तर तेवढाच तुकडा कापून भागत नाही, कारण ओल जाळीतून बरीच खाली उतरलेली असते; पूर्ण केबल बदलावी. नवी घेताना बारीक आर.जी. ५८ ऐवजी जाड आर.जी. २१३ घ्यावी. वीस मीटर लांबीत पहिली दीड डेसिबलहून अधिक गमावते, तर दुसरी त्याच्या निम्म्याच्या आसपास. कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी, वरून साधी काळी टेप लावावी, आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकणारा एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाईल.