सिंकखालची ओल आणि क्लेम फॉर्ममधली एक ओळ

एका वाचकाने लिहिलंय की सिंकखालचा कनेक्शन पाइप मध्यरात्री फुटला, सकाळी उठून बघतात तर किचन, पॅसेज, बेडरूम सगळीकडे पाणी, लाकडी फ्लोअरिंग फुगून वर आलं, आणि विमा कंपनीने "हळूहळू झालेली गळती व देखभालीचा अभाव" असं कारण देऊन क्लेम नाकारला, तर आता कोर्टात जाऊ का. असे मेल मला सारखे येतात, कुणाचा गीझर असतो, कुणाचं वॉशिंग मशीन, बाकी स्टोरी तीच.

होम इन्शुरन्समध्ये काय कव्हर होतं वगैरे सांगत बसत नाही. तुम्ही क्लेम फॉर्मचा फोटो पाठवलात ते बरं केलंत, कारण तुमची अख्खी केस त्यातल्या एका ओळीत अडकलीये. "गळती प्रथम केव्हा लक्षात आली?" याच्यापुढे तुमच्या अक्षरात आहे, "चार महिन्यांपासून सिंकखाली ओल येत होती, काल रात्री पाइप फुटला." झालं! पॉलिसीत अचानक आणि अपघाताने झालेलं नुकसान कव्हर आहे, हळूहळू झालेलं वगळलंय, आणि तुम्ही मध्ये एक स्वल्पविराम टाकून दोन्ही एकाच वाक्यात बांधून कंपनीच्या हातात दिलंत. खरं लिहिलंत याबद्दल तक्रार नाही, खोटं लिहिलं असतं तर क्लेम तिथेच संपला असता. पण ओल कशाची होती ते लिहायचं ना.

कारण सिंकखाली दोन वेगवेगळी पाणी असतात. एक अँगल कॉकपासून (सिंकखाली भिंतीतून निघणारा छोटा कॉक) नळापर्यंत येणारं, ज्याच्यावर चोवीस तास प्रेशर असतं, तुमचा फुटलेला पाइप हा. दुसरं सिंकमधून खाली बॉटल ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या नळीतल्या बाटलीसारख्या भागात जाणारं, ते फक्त भांडी घासताना वाहतं आणि ट्रॅपचा वॉशर ढिला झाला की कपाटाच्या तळाशी ओल धरते. तुमच्याच मेलमध्ये खाली कुठेतरी एक वाक्य आहे की "भांडी घासल्यावर जास्त ओलं व्हायचं". अहो, हे वाक्य फॉर्ममध्ये पाहिजे होतं! ती ओल ट्रॅपची असेल तर तिचा आणि रात्रीच्या पुराचा काही संबंध नाही, आणि वगळण्याचं कलम लावायचं असेल तर ते लागू होतं हे दाखवायची जबाबदारी साधारणपणे कंपनीची असते, तुमची नाही.

आता हे नुसतं म्हणून चालत नाही. त्या चार महिन्यांची पाण्याची बिलं काढा, मीटर असेल तर. प्रेशरच्या लाइनमधून सेकंदाला एक थेंब गळला तरी दिवसाला साधारण २० लिटर होतात, महिन्याला ६०० च्या आसपास, ते मीटरमधून मोजून येतं. ट्रॅपचं पाणी आधीच मोजलेलं असतं, तिथून कितीही गळलं तरी रीडिंग वाढत नाही. म्हणजे आधीच्या महिन्यांच्या तुलनेत रीडिंग सरळ असेल तर तुमच्या बाजूचा तो चांगला कागद आहे. एकट्या बिलावर जिंकाल असं म्हणत नाही, घरात पाहुणे येतात, वापर कमीजास्त होतो, पण कंपनीने नुकसान बघायला पाठवलेल्या सर्व्हेअरच्या रिपोर्टमध्ये याच्याविरुद्ध काहीच मोजमाप नाही, नुसतं फॉर्मवरचं तुमचं वाक्य उतरवून घेतलंय.

देखभालीच्या मुद्द्यावर मी इतकं ठाम बोलणार नाही. पॉलिसीत "वाजवी काळजी" एवढंच म्हटलंय आणि वाजवी म्हणजे किती हे शेवटी समोर बसलेला माणूस ठरवतो. हे पाइप बनवणारे बरेचदा ५ ते १० वर्षांत बदला म्हणतात, तुमचा सहा वर्षांचा, म्हणजे इकडेही ओढता येतं, तिकडेही. पाइपवरच्या स्टीलच्या जाळीवर बाहेरून गंज दिसत होता का? सिंकखाली ब्लीचची बाटली ठेवायचात का? क्लोरीनने स्टीलची जाळीसुद्धा खाल्ली जाते, आणि गंज डोळ्याला दिसत असेल तर कंपनी म्हणणार की दिसत होता तर बदलला का नाही. वर्षातून एकदा टॉर्च घेऊन वाकून बघायचं आणि फोटो काढून ठेवायचा, दोन मिनिटांचं काम, पण ते कुणी करत नाही आणि मग माझ्याकडे येतात. शिवाय मेन कॉक कुठे आहे हे माहीत नसल्याने प्लंबर येईपर्यंत दोन तास पाणी चालूच होतं असं तुम्ही स्वतःच लिहिलंय, त्या दोन तासांचं नुकसान कापलं जाऊ शकतं, त्याची तयारी ठेवा.

नकाराचं पत्र येऊन सात महिने झाले, एवढे दिवस काय करत होतात देव जाणे. कुठे राहता ते लिहिलेलं नाही, भारतात असाल तर आधी कंपनीला लेखी फेरविचार अर्ज द्या, त्यात ट्रॅप आणि कनेक्शन पाइप वेगळे करून सांगा, आणि महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. तिथे १ वर्षाची मुदत असते, ती पहिल्या पत्रापासूनच धरून चाला म्हणजे घोळ नको. ग्राहक आयोगाकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे २ वर्षं मिळतात, पण तिथे तारखा किती पडतील ते मी सांगू शकत नाही, आणि एकाच वेळी दोन्हीकडे प्रकरण चालवता येत नाही. भारताबाहेर असाल तर तिथल्या वकिलाला मुदत आधी विचारा, बाकीचं नंतर.

आणि तो फुटलेला पाइप कुठे आहे? मेलमध्ये त्याचा उल्लेखच नाही. एका दमात फाटलेला की आधीपासून झिजलेला, हे जाळीच्या तुटक्या टोकावरून जाणकाराला बरंच कळतं. प्लंबरने नवीन बसवताना जुना पिशवीत टाकून नेला असेल तर आजच त्याला फोन करा.