‘मायग्रंट’साठी मराठी शब्द कोणता? ‘प्रवासी’, ‘स्थलांतरित’ आणि ‘गतिशील नागरिक’

युरोपीय संघातील अंतर्गत स्थलांतरावरील एका समाजशास्त्रीय लेखाचा मराठी अनुवाद करताना एका अभ्यासकांना पडलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी मूळ लेखातील ‘मायग्रंट’साठी सर्वत्र ‘प्रवासी’ हा शब्द योजला होता, तो संपादकांनी ‘स्थलांतरित’ असा बदलला. त्याच लेखात पोलिश व रुमानियन कामगारांसंबंधी लिहिताना कधी ‘मायग्रेशन’ तर कधी ‘मोबिलिटी’ असे शब्द येतात, आणि नेदरलँड्सविषयीच्या भागात ‘अलोख्तोन’ हा ‘दुसऱ्या मातीतला’ अशा अर्थाचा डच शब्द तसाच ठेवला आहे. ‘मोबिलिटी’ला ‘गतिशीलता’ म्हणावे काय, आणि ‘अलोख्तोन’चे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

‘प्रवासी’बाबत संपादकांचे म्हणणे मला मान्य आहे. मराठीत प्रवासी म्हणजे एसटीत, रेल्वेत किंवा विमानात बसलेला मनुष्य. तो कोठेतरी पोचणार असतो किंवा परत येणार असतो, आणि तो तेथे राहील, काम करील, मुलांना शाळेत घालील अशी अपेक्षा त्या शब्दात नाही. हिंदीत मात्र ‘प्रवासी’ हा परदेशी किंवा परप्रांती वस्ती करणाऱ्याचा वाचक आहे. ‘प्रवासी भारतीय दिवस’ हे नाव तेथूनच आलेले आहे, अन्यथा मराठीत आपण ‘अनिवासी भारतीय’ म्हणतो. २०२०च्या टाळेबंदीत हिंदी वृत्तपत्रे ‘प्रवासी मजदूर’ लिहीत होती आणि मराठी वृत्तपत्रांत बहुधा ‘स्थलांतरित मजूर’ किंवा ‘परप्रांतीय मजूर’ असे येत होते, यावरून मराठीचा कल स्पष्ट होतो. ‘लंडनमधील पोलिश प्रवासी’ असे वाचल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बिग बेनची छायाचित्रे काढणारे लोक उभे राहतील, बांधकामावर विटा चढवणारे नव्हे. ‘आप्रवासी’ आणि ‘उत्प्रवासी’ ही पारिभाषिक जोडी येणारा व जाणारा असा भेद दाखवते, आणि कायदेविषयक किंवा लोकसंख्याशास्त्रीय लेखनात तो भेद आवश्यक असेल तेथे ती वापरण्यास हरकत नाही. परंतु बोलण्यात ती कधीच रुळली नाही. मॉरिशसमधील ‘आप्रवासी घाट’ या नावापलीकडे बहुतेकांना ती भेटलेलीही नसते.

राहिला ‘स्थलांतरित’. ‘स्थलांतर’ या समासात ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरे’. देशांतर, रूपांतर, भाषांतर यांत आहे तसेच. त्याला पाणिनीने सांगितलेला ‘इतच्’ प्रत्यय लागतो, ज्याचा अर्थ ‘ते ज्याच्या ठायी उत्पन्न झाले आहे’ असा आहे. पल्लवित म्हणजे ज्याला पालवी फुटली आहे असा, तसेच स्थलांतरित म्हणजे ज्याचे स्थलांतर घडून गेले आहे असा. शब्द उत्तम आहे, परंतु त्यात क्रिया पूर्ण झाल्याचा जो भाव आहे तो समकालीन युरोपच्या अभ्यासात अडचणीचा ठरतो, आणि अनुवादकाने तेथे सावध असावे.

१ मे २००४ रोजी युरोपीय संघात दहा देश नव्याने आले, त्यांत मध्य व पूर्व युरोपातील आठ होते. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन यांनी आपली श्रमबाजारपेठ त्यांना लगेच खुली केली. जर्मनी व ऑस्ट्रिया यांनी ती खुली करणे लांबवण्यासाठी मिळालेली सात वर्षांची कमाल मुदत पुरेपूर वापरून २०११ पर्यंत दार किलकिलेच ठेवले. परिणामी इंग्लंड व वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेल्यांची संख्या २००१च्या जनगणनेत सुमारे ५८ हजार होती ती २०११ मध्ये सुमारे ५ लाख ७९ हजार झाली. हे लोक ‘स्थलांतरित’ होते काय? जॉन ईड, स्टीफन ड्रिंकवॉटर आणि मिखाल गारापिख या संशोधकांनी लंडनमधील पोलिश लोकांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा त्यांना चार प्रकारची माणसे आढळली. काही जण करकोच्यासारखे हंगामी होते, वर्षातील काही महिने येऊन काम करणारे व परत जाणारे. काही जण साठा करणाऱ्या हॅम्स्टरसारखे एकदाच येऊन भांडवल जमवून गावी धंदा किंवा घर उभारू पाहणारे होते. काही जणांनी तेथेच राहण्याचे ठरवले होते. आणि सर्वांत मोठा गट ‘शोधक’ म्हणवलेल्यांचा होता, ज्यांनी कोणताच बेत निश्चित केला नव्हता आणि तसा तो न करणे हाच ज्यांचा बेत होता. ही अनिश्चितता त्या संशोधकांनी गोंधळ म्हणून नोंदवली नाही. लवचिक श्रमबाजारात ती सोयीची ठरते आणि माणसे ती जाणूनबुजून राखतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

या चौघांपैकी तिसरा गट तेवढा ‘स्थलांतरित’ या शब्दात व्याकरणदृष्ट्या नीट बसतो. करकोच्यांसाठी मराठीत ‘हंगामी स्थलांतर’ हा रुळलेला शब्दप्रयोग आहे, ऊसतोड कामगारांमुळे तो सर्वांच्या ओळखीचा आहे. ‘चाकरमानी’ या शब्दातही एक पाय गावात असल्याचा भाव आहे, परंतु त्याला कोकण, मुंबई, गणपती आणि शिमगा इतके घट्ट चिकटलेले आहेत की पोलिश मनुष्याला चाकरमानी म्हणणे विनोदी होईल. म्हणून माझी सूचना अशी की, वर्ग म्हणून उल्लेख असेल तेथे ‘स्थलांतरित’ लिहावे आणि प्रक्रिया चालू असल्याचे सांगायचे असेल तेथे ‘स्थलांतर करणारे’ किंवा ‘ये-जा करणारे’ असे मोकळे लिहावे. एकाच इंग्रजी शब्दासाठी सर्वत्र एकच मराठी शब्द हवा, हा आग्रह परिभाषाकोशात शोभतो. सलग गद्यात तो आशयाला जाचतो.

आता ‘मोबिलिटी’. येथे प्रश्न निव्वळ पर्यायाचा नाही. १९५७च्या रोम करारात कामगारांच्या मुक्त संचाराचे तत्त्व आले, १९९२च्या मास्ट्रिख्ट कराराने संघाचे नागरिकत्व निर्माण केले, आणि तेव्हापासून संघाच्या अधिकृत भाषेत एका सदस्य देशातून दुसऱ्यात जाणारा नागरिक हा ‘मोबाइल’ नागरिक ठरतो; ‘मायग्रंट’ हा शब्द संघाबाहेरून येणाऱ्यांसाठी राखून ठेवला जातो. (त्या बाहेरच्यांना संघाच्या कागदपत्रांत ‘तिसऱ्या देशाचे नागरिक’ म्हणतात, त्याचे ‘त्रयस्थ देश’ असे भाषांतर मी पाहिले आहे, ते टाळावे, कारण मराठीत त्रयस्थ म्हणजे तटस्थ.) समाजशास्त्रज्ञांचा वाद या विभागणीशीच आहे. रुमानियाचा शेतमजूर आणि मोरोक्कोचा शेतमजूर स्पेनमधील एकाच शेतात वाकून स्ट्रॉबेरी तोडत असताना एकाला ‘गतिशील’ आणि दुसऱ्याला ‘स्थलांतरित’ म्हणायचे, हा भेद कायद्याचा आहे, जगण्याचा नाही, असे अनेक अभ्यासक मांडतात. दुसरीकडे, समाजशास्त्रज्ञ एड्रियन फॅव्हेल यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ॲमस्टरडॅम, लंडन व ब्रुसेल्स येथे राहणाऱ्या सुशिक्षित पश्चिम युरोपीय व्यावसायिकांकडे पाहिले, आणि सर्व हक्क हातात असलेल्या या लोकांनाही घर मिळवणे, मुलांच्या शाळा, स्थानिक ओळखी येथे अदृश्य भिंती लागत होत्या असे दाखवले.

अशा वादात ‘गतिशीलता’ लिहिणे मला दोन कारणांनी गैरसोयीचे वाटते. पहिले म्हणजे, मराठी समाजशास्त्रात ‘सामाजिक गतिशीलता’ हा शब्दप्रयोग सामाजिक स्तरांतील चढउतारासाठी आधीच वापरात आहे. वॉर्सामध्ये पदवी घेऊन लंडनच्या उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या तरुणीविषयी लिहिताना ‘तिची गतिशीलता वाढली’ असे म्हटले तर ती चढली की उतरली हे कळणार नाही. भौगोलिक अर्थाने ती हलली आहे आणि व्यवसायाच्या दृष्टीने खाली आली आहे. दुसरे, ‘गतिशील’ हा मराठीत प्रशंसेचा शब्द आहे, मंत्र्यांच्या भाषणांतला. मूळ लेखक ज्या गौरवी छटेकडे संशयाने पाहतो ती अनुवादात मुकाट्याने पक्की होईल. त्याऐवजी ‘संचार’ हाताशी आहे. भारतीय संविधानाच्या मराठी पाठात नागरिकांना देशभर ‘मुक्तपणे संचार’ करण्याचा हक्क आहे, आणि ‘संचारबंदी’ तर पोराटोरांना ठाऊक असते. ‘मुक्त संचार’, ‘संघांतर्गत संचार’ हे प्रयोग कायद्याचा रंग राखतात व कौतुक करीत नाहीत. जेथे लेखक संघाच्या शब्दावरच टीका करीत असेल तेथे ‘मोबिलिटी’ अवतरणचिन्हांत तशीच ठेवावी.

याच संदर्भात येणाऱ्या ‘पोस्टेड वर्कर’लाही जपावे. संघाच्या १९९६च्या निर्देशानुसार एखाद्या पोलिश कंपनीने आपला कामगार काही काळ बेल्जियममधील बांधकामावर पाठवला तर कायद्याच्या दृष्टीने तो स्थलांतर करीत नाही. कंपनी सेवा पुरवते आणि तो त्या सेवेचा भाग म्हणून जातो. सामाजिक सुरक्षेची वर्गणीही सामान्यतः मायदेशातच भरली जाते. मराठी अनुवादक येथे ‘प्रतिनियुक्त’ लिहितात, परंतु प्रतिनियुक्ती म्हटले की मंत्रालयातील अधिकारी आठवतो. ‘कंपनीने परदेशी पाठवलेला कामगार’ हे लांब असले तरी खरे आहे.

वर्गांच्या सीमा किती पातळ आहेत हे पाहण्यासाठी मराठी वाचकाला दूर जावे लागत नाही. डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलातील गोव्यात जन्मलेल्यांना आणि पुढे त्यांच्या मुलानातवंडांनाही पोर्तुगालचे नागरिकत्व नोंदवता येते. त्या आधारे हजारो गोमंतकीय ब्रिटन संघात असताना स्विंडन, साउथॉल अशा ठिकाणी गेले. त्यांतील कित्येकांना पोर्तुगीजचा एक शब्द येत नव्हता आणि घरात कोकणी होती. नागरिकत्वाने मोजले तर असा मनुष्य ‘युरोपीय संघाचा संचार करणारा नागरिक’, जन्मस्थानाने मोजले तर भारतातून आलेला स्थलांतरित. ब्रेक्झिटच्या निमित्ताने ब्रिटनने संघाच्या नागरिकांसाठी जी स्थायिकता योजना आणली, तिच्यात ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करणाऱ्यांत तोही होता. गोव्यात बोटीवर जाणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात. स्विंडनच्या गोदामात रात्रपाळी करणाऱ्यासाठी असा घरचा शब्द मात्र माझ्या वाचनात नाही.

‘निर्वासित’ हा शब्द या सर्वांपासून वेगळा ठेवावा. निर् आणि वास यांमुळे त्यात घराबाहेर काढले गेल्याचा अर्थ आहे, आणि फाळणीनंतरच्या उल्हासनगरने तो आपल्याकडे कायमचा पक्का केला. युरोपीय कायद्यात अर्ज केलेला तो ‘आश्रयार्थी’ आणि अर्ज मान्य झालेला तो ‘निर्वासित’ हा फरक पाळावा. युक्रेनमधून २०२२ नंतर आलेल्यांचा वर्ग तिसराच आहे: संघाने २००१चा निर्देश मार्च २०२२ मध्ये प्रथमच लागू करून त्यांना ‘तात्पुरते संरक्षण’ दिले, त्यामुळे बोलीत त्यांना निर्वासित म्हटले तरी कायदेविषयक वाक्यात म्हणता येत नाही.

‘अलोख्तोन’चे उत्तर मला सर्वांत रंजक वाटते. ग्रीक मुळांनुसार त्याचा अर्थ ‘दुसऱ्या मातीतला’, आणि त्याचा विरुद्धार्थी ‘औतोख्तोन’ म्हणजे ‘याच मातीतला’. समाजशास्त्रज्ञ हिल्डा फरवाय-योंकर यांनी तो १९७१ मध्ये चर्चेत आणला, तेव्हा ‘परका’पेक्षा सौम्य शब्द हवा हा हेतू होता. पुढे डच सांख्यिकी कार्यालयाने आई किंवा वडील परदेशी जन्मलेले असलेल्या प्रत्येकाला अलोख्तोन ठरवले व त्यांत पाश्चात्त्य आणि अपाश्चात्त्य असे भाग केले. त्या विभागणीत तुर्कस्तान अपाश्चात्त्य होते, आणि इंडोनेशिया व जपान चक्क पाश्चात्त्य. सौम्य शब्द चार दशकांत इतका बोचरा झाला की २०१६ मध्ये सांख्यिकी कार्यालयाने तो सोडून दिला.

‘औतोख्तोन’ला मराठीत ‘भूमिपुत्र’ हा शब्दशः इतका जवळचा पर्याय आहे की हात शिवशिवतो. तरीही तो वापरू नये. महाराष्ट्रात त्यामागे १९६० नंतरचे नोकऱ्यांचे सगळे राजकारण उभे राहते. गोव्यात २०२१ मध्ये तीस वर्षे राहणाऱ्याला भूमिपुत्र म्हणणारे विधेयक आले तेव्हा आदिवासी समाजाने त्या नावालाच हरकत घेतली होती. डच मजकुरात हे सगळे शिरेल. शब्द आहे तसा ठेवून पहिल्या वेळी ‘परक्या मातीतला’ असे स्पष्टीकरण द्यावे, हे उत्तम. ‘परप्रांतीय’ तर येथे अजिबात नको, कारण प्रांत एका देशात असतात.

शेवटी एक गोष्ट, जी विचारलेली नाही परंतु त्या लेखात निश्चित येईल. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये जन्मलेल्या मुलांना ‘दुसऱ्या पिढीतील स्थलांतरित’ म्हटले जाते, आणि ही मुले तर कोठूनच कोठे गेलेली नाहीत. फ्रेंच व्याख्येत परदेशी नागरिक म्हणून परदेशात जन्मून फ्रान्समध्ये राहणारा तोच ‘इमिग्रे’. तो पुढे फ्रेंच नागरिक झाला तरी इमिग्रेच राहतो, पण त्याची फ्रान्समध्ये जन्मलेली मुलगी कधीच इमिग्रे नसते. जर्मन सांख्यिकीत २००५ पासून ‘स्थलांतराची पार्श्वभूमी असलेले’ असा वर्ग आहे आणि त्यात आई किंवा वडील जन्मतः जर्मन नागरिक नसलेले मूलही येते. मराठीत ‘स्थलांतरितांची दुसरी पिढी’ असे लिहिले की ‘स्थलांतरित’ हे विशेषण आईवडिलांकडेच राहते. जर्मन आकडे उद्धृत करताना मात्र ‘स्थलांतराची पार्श्वभूमी असलेले’ हा शब्दप्रयोग पूर्ण द्यावा, त्याचे ‘स्थलांतरित’ असे लघुरूप करू नये, अन्यथा संख्या चुकीच्या माणसांना लागू होईल.