कामगार संघटनेशी करार करणाऱ्या आणि नंतर तो राबवणाऱ्या अधिकाऱ्यांना नेमके कोणते प्रशिक्षण द्यावे?

वाटाघाटी आणि कराराची अंमलबजावणी ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. बहुतेक प्रशिक्षणे पहिल्यावरच भर देतात आणि तिथेच फसतात.

वाटाघाटींसाठी आधी हिशेब पक्का हवा. मूळ वेतनात दरवर्षी 5 टक्के वाढ मान्य केली, तर तीन वर्षांनंतरची वाढ 15 नव्हे, तर सुमारे 15.76 टक्के होते. शिवाय जादा कामाचा मोबदला, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी यांपैकी जे जे मूळ वेतनाशी जोडलेले असेल, तेही त्याबरोबर वाढते. हे गणित प्रशिक्षणार्थींकडून कागदावर करून घ्यावे. त्यानंतर अभिरूप वाटाघाटी घ्याव्यात आणि व्यवस्थापनातील व्यक्तीला मुद्दाम संघटनेच्या बाजूला बसवावे, कारण समोरच्या नेत्याला झालेली तडजोड सभासदांकडून मंजूर करून घ्यायची असते, हे व्याख्यान ऐकून उमगत नाही. सामूहिक वाटाघाटींविषयीचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे दोन आंतरराष्ट्रीय करार (1949 चा क्रमांक 98 व 1981 चा क्रमांक 154) तोंडओळखीपुरते पुरे. देशातील कायदा मात्र तपशीलवार शिकवावा.

अंमलबजावणीचा खरा भार प्रत्यक्ष कामावर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षकावर पडतो, आणि गंमत म्हणजे करार त्याने अनेकदा वाचलेलाही नसतो. तक्रार आल्यावर संबंधित कलम काढणे, पूर्वीची प्रथा तपासणे, मुदतीत लेखी उत्तर देणे आणि त्याची नोंद ठेवणे हा सराव जुन्या निकाली तक्रारींवर, नावे वगळून, करून घ्यावा.