घरी शिकणाऱ्या मुलीची दहावी

घरी शिकणाऱ्या आपल्या मुलीने दहावी कशी द्यावी, असे आपण विचारले आहे. ती 13 वर्षांची आहे आणि गणितात दहावीच्याही पुढे गेली आहे, तेव्हा एखाद्या महागड्या ऑनलाइन शाळेचे शुल्क भरण्याआधी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजेच एनआयओएसचा, नीट विचार करावा, असे मी आग्रहाने सुचवेन. तेथे दहावीसाठी वयाची 14 वर्षे पूर्ण असावी लागतात, मुख्य परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि नोंदणी पाच वर्षे टिकत असल्यामुळे गणित आधी देऊन टाकून भाषांचा अभ्यास सवडीने करता येतो. हुशार मुलांची प्रगती सगळ्या विषयांत सारखी नसते आणि नेमकी हीच मोकळीक त्यांना हवी असते.

एनआयओएसच्या टीएमए, म्हणजे शिक्षकांनी तपासायच्या स्वाध्यायांकडे मात्र दुर्लक्ष करू नये. त्यांना अंतिम गुणांत 20 टक्के भारांश असतो. मुलीने उत्तरे स्वतःच्या हस्ताक्षरात लिहावीत आणि मुदतीच्या बऱ्याच आधी ती स्कॅन करून ठेवावीत, कारण शेवटच्या दिवसांत संकेतस्थळावर गर्दी होते.

पुढे जेईईचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेचा, विचार असल्यास बारावीला किमान पाच विषय लागतात, हे विषय निवडतानाच ध्यानात घ्यावे.

तिच्या गणिताच्या भुकेला हा अभ्यासक्रम पुरणार नाही. त्यासाठी ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन व्यासपीठावरील मोफत अभ्यासक्रम आहेत, शिवाय मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने उपलब्ध करून दिलेल्या गणित ऑलिम्पियाड स्पर्धेच्या जुन्या प्रश्नपत्रिका तिला जरूर द्याव्यात, आणि एका प्रश्नावर आठवडा गेला तरी तो जाऊ द्यावा.