सिद्धांत शिजला का?

प्रश्न असा : फ्रेंच गणिती प्वाँकारेची सुप्रसिद्ध अटकळ रशियन गणिती पेरेलमानने खरी करून दाखवली, मग आता तिला मराठीत अनुमान म्हणायचे, सिद्धांत की प्रमेय?

प्रमेय, म्हणजे सिद्ध झालेले विधान. आणि 'अनुमान' तर आधीही चूकच होते. न्यायशास्त्रात अनुमान हे प्रमाण आहे : डोंगरावर धूर दिसला, म्हणजे आग आहेच. तिथे 'कदाचित'ला जागा नाही. अटकळ हा घरचा शब्द असताना ही उसनवारी कशाला?

पण माझे डोके फिरते ते 'अजून सिद्ध न झालेला सिद्धांत' ऐकून. परवा एका व्याख्यानात हे तीनदा ऐकले. ताटात तांदूळ ओतून 'भात घ्या' म्हणण्यातली ही गत. आणि ही नुसती उपमा नव्हे! संस्कृत 'सिध्यति', प्राकृत 'सिज्झइ', मराठी 'शिजते'. पतंजलीने महाभाष्य या व्याकरणग्रंथाच्या आरंभीच 'सिद्ध'ची उदाहरणे दिली आहेत ती सिद्ध ओदन, सिद्ध सूप, सिद्ध यवागू. म्हणजे भात, वरण आणि पेज. आपण अजूनही सिद्धान्न म्हणतोच.

काही पंडित शिजणे 'स्विद्'पासून, म्हणजे घाम आणि वाफ यांच्यापासून काढतात. त्यांचा एक मुद्दा असा : मूळ 'ज्झ' असता तर मराठीत झ उरला असता. अहो, हिंदीत सांझ, आपल्याकडे सांज. हिंदीत समझना, आपल्याकडे समजणे. मग हिंदीतला 'सीझना' आपल्याकडे 'शिजणे' झाला तर कुठे बिघडले? झ सोडायची खोड मराठीला जुनीच आहे.

आता पेरेलमानकडे पाहा. प्वाँकारेचा १९०४ सालचा प्रश्न असा होता : ज्या बंदिस्त त्रिमितीय अवकाशातला दोऱ्याचा कुठलाही फास आवळत बिंदूएवढा करता येतो, तो मुळात त्रिमितीय गोलच (चेंडूच्या पृष्ठभागाचा एक मिती वरचा भाऊ) का? हे कोडे निखळ टोपॉलॉजीचे, म्हणजे ताणले-वाकवले तरी न बदलणाऱ्या आकारगुणांच्या गणिताचे, पण सुटले अवकल समीकरणाने, म्हणजे बदलाचा दर सांगणाऱ्या समीकरणाने. रिचर्ड हॅमिल्टन या गणितीने १९८२ साली आणलेला रिची प्रवाह हा उष्णतेच्या समीकरणाचा भाऊबंद. पातेल्यात उष्णता पसरावी तशी तो वक्रता पसरवत नेतो. मध्येच अवकाशाची मान चिंचोळी होऊन तुटू पाहते. तिथे कापून टोपी बसवायची आणि पुन्हा आच लावायची. २००२-०३ मध्ये पेरेलमानने ही आच शेवटपर्यंत लावता येते हे दाखवले. हे प्रमेय अक्षरशः शिजवलेले आहे!

उरला शिधा. तोही 'सिद्ध'चाच, पण कोरडा : तांदूळ, डाळ, मीठ, वर चार मिरच्या. सिद्धपासून निघून कच्चा कसा? माझे मत असे की तो शिजवायला सिद्ध, म्हणजे सज्ज, असतो. हे कोशात शोधू नका, माझी आपली अटकळ आहे. द्रव-वायूंचा प्रवाह सांगणाऱ्या नेव्हिए-स्टोक्स समीकरणांच्या न सुटलेल्या प्रश्नाचा शिधा मात्र २००० सालापासून दहा लाख डॉलर बक्षिसाच्या चिठ्ठीसकट तसाच पडून आहे.